फुटपाथवरचा तो लोखंडी खांब खरंच ट्रक अडवतो का? त्याची ‘परीक्षा’ कशी घेतात ते वाचा

१ जानेवारी २०२५. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातली प्रसिद्ध बर्बन स्ट्रीट. नवीन वर्षाचा जल्लोष पहाटे सव्वातीनपर्यंत चालूच होता. तेवढ्यात एक पिकअप ट्रक आला, रस्ता अडवून उभ्या असलेल्या पोलिसांच्या गाडीला वळसा घालून फुटपाथवर चढला आणि थेट गर्दीत घुसला. १४ निरपराध लोकांचा जीव गेला.

खरं तर याच रस्त्यावर असं काही होऊ नये म्हणून शहराने २०१७ मध्येच वाहनं अडवणारे खांब बसवले होते. मग ते होते कुठे?

झालं असं की ते खांब रुळावर सरकवून रस्ता बंद-चालू करण्याच्या पद्धतीचे होते. न्यू ऑर्लिन्समध्ये मार्डी ग्रा नावाचा मोठा उत्सव असतो, त्यात लोकांवर रंगीत मण्यांच्या माळा उधळतात. हे मणी रुळांत जाऊन अडकले आणि खांब सरकेनासे झाले. म्हणून जुने काढून नवीन बसवायचं काम सुरू होतं. फेब्रुवारीत शहरात ‘सुपर बोल’चा सामना होता, त्याआधी ते संपवायचं होतं. हल्ला झाला तो नेमका याच मधल्या काळात.

खरा धक्का पुढे आहे. हल्ल्यानंतर दोन-तीन दिवसांत ‘रॉयटर्स’ने बातमी दिली, की जे नवीन खांब बसवले जात होते, ते ताशी फक्त १० मैल वेगाची धडक सोसण्यासाठी रेट केलेले आहेत. १० मैल म्हणजे १६ किलोमीटर. जोरात सायकल मारणारा पोरगासुद्धा यापेक्षा वेगाने जातो.

यात कुणी बनावट माल खपवला असं नव्हतं. ‘एस-१०’ हे रेटिंग कागदावर सरळ लिहिलेलं होतं. प्रश्न एवढाच, की ते वाचून त्याचा अर्थ नेमका कुणी लावला?

आता मॉलच्या दारात, विमानतळावर, मेट्रो स्टेशनबाहेर, मोठ्या हॉटेलांसमोर असे खांब तुम्हीही पाहिले असतील. त्यांना बोलार्ड म्हणतात. हा शब्द मूळचा बंदरावरचा. धक्क्याला जहाजाचा दोर बांधायचा जो बुटका खुंट असतो, तो बोलार्ड. (मुंबईच्या बॅलार्ड पिअरचा मात्र याच्याशी काही संबंध नाही. ते नाव पोर्ट ट्रस्टच्या कर्नल बॅलार्ड यांच्यावरून आलंय.)

दिसायला सगळे बोलार्ड सारखेच. तीन-साडेतीन फूट उंच, वर चकचकीत स्टील. पण एक जण भरधाव ट्रक जागच्या जागी थांबवतो आणि दुसरा रिव्हर्स घेणाऱ्या रिक्षानेही वाकतो. बाहेरून बघून हा फरक कळत नाही. तो कळायला हवा म्हणून तर या खांबांची परीक्षा घेतली जाते.

बैरुतपासून सुरुवात

या परीक्षेचा उगम १९८३ सालात आहे. लेबनॉनच्या बैरुत शहरात एप्रिल महिन्यात स्फोटकांनी भरलेली गाडी अमेरिकन दूतावासात घुसवण्यात आली. ६३ लोक मेले. सहा महिन्यांनी, २३ ऑक्टोबरच्या पहाटे, स्फोटकांचा ट्रक काटेरी तारा तुडवत अमेरिकन सैनिकांच्या बराकीत शिरला. २४१ अमेरिकन सैनिक ठार झाले. काही मिनिटांत फ्रेंच सैनिकांच्या इमारतीवर तसाच हल्ला होऊन त्यात ५८ जण गेले.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला यातून एक साधी गोष्ट कळली. स्फोटकांचा ट्रक इमारतीच्या आत येऊन फुटणं आणि तोच ट्रक थोडा लांब, फाटकावर फुटणं यात शेकडो जिवांचा फरक असतो. म्हणजे ट्रक लांब थांबला पाहिजे. पण कोणतं गेट, कोणता खांब तो थांबवेल हे ठरवायचं कसं? विकणारा तर म्हणणारच, की आमचा माल एक नंबर!

म्हणून १९८५ मध्ये परराष्ट्र खात्याने स्वतःचा नियम आणला. १५ हजार पौंडांचा, म्हणजे साधारण ६,८०० किलोचा ट्रक घ्यायचा आणि खराखुरा नेऊन आदळायचा. ताशी ३० मैलांची (४८ किमी) धडक सोसली तर ‘के-४’, ४० मैलांची (६४ किमी) सोसली तर ‘के-८’ आणि ५० मैलांची (८० किमी) सोसली तर ‘के-१२’.

हे ४, ८, १२ आकडे आले कुठून असं वाटेल. अमेरिकेत ऊर्जा फूट-पौंडात मोजायची पद्धत आहे. तो ट्रक ३० मैलांच्या वेगाने आदळला तर साधारण साडेचार लाख फूट-पौंड ऊर्जा असते, ४० ला आठ लाख आणि ५० ला साडेबारा लाख. आपल्या लाखाच्या हिशेबात हे आकडे किती चपखल बसतात बघा!

आणि इथेच शाळेतलं विज्ञान आठवावं लागतं. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. के-४ आणि के-१२ मध्ये वेगाचा फरक फक्त ३० आणि ५० चा, पण ऊर्जा जवळपास पावणेतीन पट. ६,८०० किलोचा ट्रक ताशी ८० किमी वेगाने आदळतो तेव्हा खांबावर येणारी ऊर्जा म्हणजे तोच ट्रक आठव्या मजल्यावरून सोडून दिल्यासारखी.

ट्रक आदळतात म्हणजे नक्की काय करतात?

खरोखर आदळतात. कॉम्प्युटरवर चित्र काढून भागत नाही. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची वाहतूक संशोधन संस्था आणि इंग्लंडमध्ये ‘मिरा’सारखी चाचणी केंद्रं हे काम करतात. धावपट्टीसारखी लांब जागा असते. तिच्या टोकाला खड्डा खणून, सळया बांधून, काँक्रीट ओतून खांब गाडलेला असतो. ट्रकच्या हौद्यात वजन भरतात. ट्रक केबलने ओढला जातो, चालक अर्थातच नसतो. शेवटच्या क्षणी केबल सुटते आणि ट्रक ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या कोनात, ठरलेल्या जागी आदळतो. चारी बाजूंनी हायस्पीड कॅमेरे लावलेले असतात.

सगळा खेळ सेकंदाच्या काही अंशांत संपतो. मग टेप घेऊन मोजायचं, की ट्रक खांबाच्या पलीकडे किती गेला.

पण ‘ट्रक पलीकडे गेला’ म्हणजे त्याचा कुठला भाग गेला? सध्या अमेरिकेत जो नियम चालतो तो ‘एएसटीएम एफ-२६५६’. तो २००७ मध्ये आला आणि ‘के’ची जागा त्याने घेतली. त्यात मधल्या आकाराच्या ट्रकसाठी मोजमाप बंपरपासून होत नाही. ते होतं मागच्या हौद्याच्या पुढच्या कडेपासून. का? कारण स्फोटकं हौद्यात असतात!

म्हणजे इंजिन चेपलं, केबिनचा चुराडा होऊन ती खांबाच्या पार पुढे गेली, तरी हौदा एक मीटरच्या आत थांबला असेल तर खांब पहिल्या वर्गात पास. इमारत वाचवायची असेल तर हे अगदी बरोबर आहे. पण खांबाला टेकून कुणी वडापाव खात उभं असेल तर त्याच्यासाठी ही परीक्षा घेतलेलीच नाही. बर्लिन, नीस, न्यू ऑर्लिन्समध्ये ट्रकमध्ये बॉम्ब फुटला नाही, ट्रकच हत्यार होता. नियम मात्र बॉम्बच्या भीतीतून जन्मलेला आहे. रेटिंग वाचताना ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात ठेवायला हवी आणि नेमकी हीच सगळ्यात कमी सांगितली जाते.

‘एम-५०-पी-१’ वाचायचं कसं?

समजा खांबाच्या कागदावर लिहिलंय ‘एम-५०-पी-१’. यातला ‘एम’ म्हणजे वाहन, मध्यम वजनाचा ६,८०० किलोचा ट्रक. ‘सी’ असेल तर छोटी कार, साधारण १,१०० किलो. ‘पीयू’ म्हणजे २,३०० किलोचा पिकअप. ‘एच’ म्हणजे साडेएकोणतीस टनांचं अवजड धूड. ‘५०’ म्हणजे वेग, मैलांमध्ये. आणि ‘पी’ म्हणजे वाहन किती आत शिरलं. पी-१ म्हणजे एक मीटरपर्यंत, पी-२ म्हणजे सात मीटरपर्यंत, पी-३ म्हणजे तीस मीटरपर्यंत.

तीस मीटर म्हणजे क्रिकेटची पिच संपवून आणखी दहा मीटर. आधीच्या आवृत्तीत तर पी-४ पण होतं, तीस मीटरच्याही पुढे. नापास म्हणण्याची ही सभ्य पद्धत झाली. नंतर ते काढून टाकलं.

त्यामुळे जाहिरातीत नुसतं ‘एम-५०’ लिहिलं असेल आणि पुढचा ‘पी’ गायब असेल, तर विचारायला हवं. अर्धं रेटिंग सांगणं हे अर्धं सत्य सांगण्यासारखंच. आपल्याकडच्या टेंडरांत आजही ‘के-१२’ असा जुना शब्द सर्रास दिसतो. तो चुकीचा आहे असं नाही, पण के-१२ लाही सुरुवातीला तीन उपवर्ग होते आणि सगळ्यात ढिल्या वर्गात ट्रक पन्नास फुटांपर्यंत आत गेला तरी चालत असे. २००३ मध्ये हे बंद करून एक मीटरचीच अट ठेवली गेली.

दुसरी गंमत शब्दांची. ‘क्रॅश टेस्टेड’ म्हणजे तोच खांब आदळून तपासलाय. ‘क्रॅश रेटेड डिझाइन’ किंवा ‘एम-५० च्या दर्जाचा’ असे गोलमोल शब्द असतील तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ कुणीतरी गणित करून सांगितलंय, ट्रक काही आदळलेला नाही.

ब्रिटिशांनी यात आणखी बारकावा आणला. त्यांच्या ‘पास-६८’ या नियमात वाहनाचं वजन, प्रकार, वेग, धडकेचा कोन, वाहन किती आत गेलं आणि शेवटी २५ किलो किंवा त्याहून जड तुकडे उडून किती लांब पडले, हे सगळं एका ओळीत लिहितात. पास-नापास असं काही नसतं. काय घडलं ते सांगतात आणि तुमची जागा बघून तुम्ही ठरवा म्हणतात. पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर ‘इवा-१४’ आला आणि २०२३ मध्ये त्याच्या जागी ‘आयएसओ २२३४३’. यातही एक मेख आहे. पास-६८ मध्ये अंतर खांबाच्या मागच्या बाजूपासून मोजायचे, तर इवामध्ये पुढच्या बाजूपासून. म्हणजे तोच खांब, तीच धडक, पण आकडे वेगळे. दोन कंपन्यांचे कागद शेजारी ठेवून तुलना करणारा इथे हमखास फसतो.

मग एस-१० काय होतं?

न्यू ऑर्लिन्सच्या खांबांचं ‘एस-१०’ या कुठल्याच यादीतलं नाही. तो वेगळा नियम आहे, ‘एएसटीएम एफ-३०१६’. दुकानाबाहेर गाडी लावताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडतो आणि गाडी काच फोडून आत येते, तसले अपघात रोखण्यासाठी तो केलाय. साधारण २,२७० किलोचं चाचणी-वाहन आणि वेग १०, २० किंवा ३० मैल. त्या कामासाठी हा नियम उत्तमच आहे.

एस-१० आणि एम-५०. ऐकताना वाटतं पाचपट फरक असेल. प्रत्यक्षात वजन आणि वेग दोन्ही धरले तर धडकेची ऊर्जा सुमारे ७५ पट होते. कारला शेंगदाण्याचं पोतं आणि कारखान्याला क्रेन लागते, असाच हा प्रकार.

आणि शहराला अंदाज नव्हता असंही नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये अभियंत्यांनी एक अहवाल दिला होता. बर्बन स्ट्रीटवर पिकअप ट्रक किती वेगाने शिरू शकतो याचं गणित त्यात होतं आणि ते उत्तर १० मैलांपेक्षा कितीतरी जास्त होतं. पण रोज लावता-काढता येतील, पुन्हा अडकणार नाहीत असे खांब हवे होते. सोय आणि ताकद यात सोय जिंकली.

वास्तविक खांब निवडायच्या आधीचं काम हेच असतं. खांबापर्यंत येणारा रस्ता सरळ किती लांब आहे? ट्रकला वेग घ्यायला जागा किती मिळते? कित्येकदा खांब मजबूत करण्यापेक्षा रस्त्याला दोन वळणं देणं स्वस्त पडतं. वेग निम्म्यावर आणला की ऊर्जा पाव होते. लंडनच्या एमिरेट्स स्टेडियमबाहेर ‘आर्सेनल’ ही नावाची भलीमोठी काँक्रीटची अक्षरं आहेत. लोक तिथे फोटो काढतात, पण ती वाहनं अडवण्याचंही काम करतात.

खांब नाही, खड्डा महत्त्वाचा

बोलार्डचा जो भाग दिसतो तो निम्मासुद्धा नसतो. खरी ताकद जमिनीखाली असते, सळयांचं जाळं आणि काँक्रीटचा पाया. खाली जर पाण्याची पाइप, वीज आणि इंटरनेटच्या केबल असतील तर खोल खणता येत नाही. मग उथळ पण पसरट पायाचे खांब लागतात आणि त्यांची चाचणी वेगळी. चाचणीच्या वेळी माती कशी होती, किती दाबलेली होती, काँक्रीट कुठल्या दर्जाचं होतं हे सगळं अहवालात असतं. तोच खांब आणून भुसभुशीत भरावात अर्धवट काँक्रीट टाकून उभा केला, तर सर्टिफिकेट भिंतीवर लावायला ठीक आहे.

पायाच नसेल तर काय होतं हे जर्मनीने पाहिलं. डिसेंबर २०१६ मध्ये बर्लिनच्या नाताळ बाजारात ट्रक घुसला, डझनभर लोक गेले. त्यानंतर देशभर बाजारांच्या तोंडाशी काँक्रीटचे मोठे ठोकळे ठेवले गेले. २०१७ मध्ये ‘डेक्रा’ या वाहन तपासणी संस्थेने एका वाहिनीसाठी त्यांची चाचणी घेतली. दहा टनांचा ट्रक, वेग ताशी ५० किमी. एकेक ठोकळा दोन टनांहून जड. ट्रकने ते बाजूला उडवले आणि पुढे गेला. नुसता जमिनीवर ठेवलेला दगड कितीही जड असला तरी त्याला धरून ठेवतं ते फक्त घर्षण. वर तो उडालेला ठोकळाच गर्दीत जाऊन आदळू शकतो.

जिथे काम नीट झालंय तिथे मात्र फरक दिसतो. २००७ च्या जूनमध्ये ग्लासगो विमानतळावर गॅस सिलिंडरांनी भरलेली जीप दारावर घातली गेली. ती बोलार्डमध्ये अडकली, टर्मिनलच्या आत पोहोचलीच नाही. हल्लेखोरांपैकी एक जण नंतर मेला, प्रवासी वाचले. मे २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये एक कार फुटपाथवरून माणसं चिरडत सुटली. एका तरुणीचा जीव गेला, वीसेक जखमी झाले. ती कार थांबली ती स्टीलच्या खांबांवर चढून, तिरकी लटकून. तो फोटो जगभर फिरला.

मोकळी राहिलेली जागा

रांगेतला प्रत्येक खांब एम-५० असला तरी दोन खांबांमधून गाडी जात असेल तर उपयोग काय? डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या माग्डेबुर्ग शहरात नाताळ बाजाराभोवती अडथळे होते. पण रुग्णवाहिका आणि बंबासाठी एक वाट मोकळी ठेवली होती. हल्लेखोर तिथूनच कार घेऊन आला. सहा जण मेले.

वर-खाली होणाऱ्या खांबांची आणि रस्त्यातून पाचरीसारख्या उठणाऱ्या अडथळ्यांची डोकेदुखी आणखी वेगळी. ते पावसाच्या पाण्याने तुंबतात, मोटर बिघडते, कचरा अडकतो. चाचणी होते ती वर आलेल्या अडथळ्याची. खाली बसलेला अडथळा म्हणजे नुसता रस्ता. उलटही होतं. २००१ च्या हल्ल्यानंतर आपल्या संसदेच्या आवारात असे अडथळे बसवले गेले आणि २०१९ मध्ये एका खासदाराचीच गाडी त्यात सापडली.

मुंबईत प्रश्न अजून तिसराच आहे. इथले फुटपाथवरचे बहुतेक बोलार्ड हे दुचाकीस्वारांना फुटपाथवर चढू न देण्यासाठी आहेत. ते इतके जवळजवळ बसवले गेले, की व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराने २०२३ मध्ये थेट मुंबई उच्च न्यायालयाला ईमेल लिहिला आणि न्यायालयाने स्वतःहून त्याची जनहित याचिका करून घेतली.

अडचण गणिताची आहे. स्कूटरच्या हँडलची रुंदी साधारण ७० सेंटिमीटर आणि व्हीलचेअरचीही जवळपास तेवढीच. आरामात जायला व्हीलचेअरला ९० सेंटिमीटर तरी लागतात. म्हणजे जो खांब स्कूटर अडवेल तो व्हीलचेअरही अडवणार. याउलट, हल्ला करणारी कार अडवायची तर ब्रिटिश मार्गदर्शनानुसार दोन खांबांत जास्तीत जास्त १.२ मीटर मोकळी जागा चालते, कारण त्यातून छोटी कारही जात नाही, पण व्हीलचेअर आणि बाबागाडी सहज जाते. स्कूटर मात्र त्यातून बिनदिक्कत जाते आणि तिच्यासाठी खांबाचा उपयोग नाही, तिथे हवालदार आणि पावतीच लागते.